बंद म्हंजे आला

सत्याहत्तर साली सोलापुरात कुणाचं काही उलटं झालं, की शेजारचा दात काढून म्हणायचा, "बंद म्हंजे आला." लाईट गेली, बंद म्हंजे आला. ठरलेलं लग्न मोडलं, बंद म्हंजे आला. गणपतीच्या मेळ्यात एका नकलाकारानं ते स्टेजवर घेतलं आणि मग काय, शेंबड्या पोरापासून कॉलेजच्या प्रोफेसरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. जळो ती तोंडं. हे आलं कुठून, एकानंही विचारलं नाही.

आलं ते गुरुबसप्पाच्या घरातून. हा टॉकीजचा डोअरकीपर. आदल्या वर्षी त्याची बायको शरणम्मा बाळंतपणात अडली. रक्त थांबेना. दोन गल्ल्या सोडून डॉक्टरांचा दवाखाना, पण डॉक्टर व्हिजिटला गेलेले. मैंदर्गीहून लेकीच्या बाळंतपणाला आलेली त्याची सासू, चंद्रव्वा, तिथं दारात जाऊन बसली. बिचारीला कानडीशिवाय दुसरं येत नव्हतं. शेवटी डॉक्टर आले. ते सामान भरेपर्यंत घरी पाणी तापवून ठेवावं, म्हणून तिनं रस्त्यानं चाललेल्या ओळखीच्या मानसिंगला पुढं पिटाळलं. "डॉक्टर बंद," एवढंच सांगितलं. कानडीत बंद म्हणजे आला.

मानसिंग नातेपुत्याचा, टॉकीजबाहेर शेंगा विकणारा. त्याला कुठली कानडी? धावत आला आणि म्हणाला, "म्हातारी म्हणती, डॉक्टर बंद." गुरुबसप्पा जन्माचा कानडी, पण मराठी तोंडातून आलेला शब्द त्यानं मराठीच धरला. दारात टांगा उभाच होता. बायकोला त्यात घातलं आणि तो मोठ्या दवाखान्याकडं निघाला. चंद्रव्वा डॉक्टरांना घेऊन आली, तर दाराला कडी. शरणम्मा वाटेतच गेली, पोटातल्या जिवासकट.

त्या शब्दाचा कानडी अर्थ कळल्यावर मानसिंगनं पुढं ही गोष्ट शेंगा विकता विकता लोकांना सांगितली. मरण तेवढं गाळलं. मरणावर शेंगा खपत नाहीत.

चंद्रव्वाला दुसरं कुणी नव्हतं, ती जावयापाशीच राहिली. निरोप पोचलाच नाही, असं गुरुबसप्पानं तिला सांगितलं होतं. तुझ्याच शब्दानं तुझी लेक गेली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि आता तेच सगळं गाव ओरडत होतं. म्हातारीला त्याचा अर्थ कळू नये, एवढंच त्याचं देवाकडं मागणं उरलं.

एकदा तो मानसिंगकडं गेला. "बंद कर की हे आता," म्हणाला.

"बंद म्हंजे आला," पाठीमागून कुणीतरी म्हणालं आणि तिकिटाची रांग खो खो हसली. मानसिंगनं मान खाली घातली. "आण्णा, माज्या हातात ऱ्हायलंय का हे?"

मग एका दुपारी भाकरी वाढताना चंद्रव्वानं कानडीत विचारलंच, "ते बंद बंद म्हणून पोरं हसत्यात, ते काय रे? शब्द तर आपल्यातला हाय."

गुरुबसप्पानं हातातला घास ताटात ठेवला. "सिनेमातलं हाय, अत्ती. एक येडा असतो. कुणी आलं म्हणून सांगितलं, की त्याला वाटतं दार लागलं."

सासूनं भाकरीची टोपली खाली ठेवली. मग तोंडाला पदर लावून हसली, लेक गेल्यापासून पहिल्यांदा. "एवढा कसा येडा म्हणायचा? घर बुडवील की असला माणूस."

"व्हय," गुरुबसप्पा म्हणाला आणि तोही हसला.

त्या दिवसापासून तो ड्यूटीवरून आला, की चंद्रव्वा दार उघडता उघडता म्हणायची, "बंद म्हंजे आला." एवढं एकच मराठी ती शिकली. तिनं हसत राहावं म्हणून गुरुबसप्पाला रोज उंबऱ्यात उभं राहून हसावं लागायचं.