धाग्यासाठी धुकं

मागांच्या त्या लांबलचक शेडमध्ये बारा महिने एकच हवा असायची. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून भिंतीवरचं यंत्र आपोआप छतातून बारीक धुकं सोडायचं. गारवाही तेच सांभाळायचं. वहिनी आणि तिची धाकटी नणंद शेजारशेजारच्या मागांवर होत्या. नणंदेच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणत.

उन्हाळ्यात त्या धुक्याला कुजका वास येऊ लागला. वहिनीने मॅनेजरला सांगितलं. त्याने यंत्राच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "सगळे आकडे हिरवे आहेत. धागा तुटतोय का तुमचा?"

"धागा नाही तुटत. माणसं खोकतायत."

"मग तोंडाला फडकं बांधा."

पुढच्याच आठवड्यात चिमणी मागावर कोसळली. अंगात फणफणून ताप, श्वास पुरेना. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, फुफ्फुसं सुजली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कामावर पाण्याचे फवारे असतात का? पाणी घाण असलं की होतं असं."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक शेडमागे गेली, शिडी चढली, धुक्याला पाणी पुरवणाऱ्या टाकीचं झाकण उघडलं. आत शेवाळाचा बुळबुळीत थर. तिने बादली भरली आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये नेली. तिथे वेगळा एसी होता, धुकं नव्हतं.

"हे आम्ही श्वासातून आत घेतो. वास घेऊन बघा."

"बादली बाहेर ठेवा. खाली गालिचा आहे."

तिने बादली गालिच्यावर उपडी केली. "आता इथे बसून दिवस काढा."

दारात बायका जमल्या होत्या. त्यांच्यामागे शेडमध्ये एकेकीने आपला माग बंद केला आणि त्या शांततेत मॅनेजरचा चेहरा उतरला.

टाकी दुसऱ्या दिवशी घासली गेली. वहिनीला मात्र कामावरून काढलं. बायका दोन-तीन दिवस अडून बसल्या, मग मागांवर परतल्या. वहिनीने त्यांना बोल लावला नाही. चुली सगळ्यांच्याच होत्या.

चिमणी दवाखान्यातून घरी आली. दोन वाक्यांत तिला धाप लागायची.

"वहिनी, माझ्यापायी गेली ना तुझी नोकरी?"

"तुझ्यापायी नाही." वहिनीच्या आवाजातली धार अजून गेली नव्हती. "ज्याच्यापायी गेली त्याच्यावर फिर्याद करायची आहे. उद्या चल माझ्याबरोबर. दम लागेल तिथे थांबू."