पाऱ्याला लागलेलं सोनं

पाऱ्याचं लिंग घरात आलं त्या दिवशी उंबऱ्यावर त्याला मीच ओवाळलं. हळदकुंकू मीच वाहिलं. आता आठवलं की माझ्या ह्या हातांचाच राग येतोय बघा.

ते आणलं मारुतीरावानं. माझी सासू रुक्माबाई, तिचा हा सख्खा भाऊ. आमच्या निपाणीची तंबाखू ट्रकात भरून त्यो पार उज्जैनपतोर जायचा, तिकडनंच आणलं. मुठीएवढं, चकचकीत, आन् उचलाय गेलं तर मनगट खाली यावं इतकं जड. पारा वाहता असतोय न्हवं? त्यात औषधं घालून, घोटून घोटून त्यो घट्ट केलेला. ‘लई जागृत हाय, आक्का,’ मारुतीराव म्हणाला आन् बहिणीला घेऊन देवघरात गेला. दार लोटून लई वेळ कायबाय सांगत बसला. पूजेचे नेम असतील म्हणून मी चुलीवर च्या ठेवला.

दुसऱ्या दिवशी रुक्माबाईनं पूजा माझ्याकडं दिली. ‘तानी, तू सवाशीण हाईस. लिंगाला दूध घाल, चांगलं चोळून धू, आन् मंगळसूत्राच्या वाट्या त्याला टेकवून मग डोळ्याला लाव. मष्णूचं आयुष्य वाढंल, कूसबी उजवंल.’

मष्णू म्हंजे माझा नवरा. नाव घेते त्याचं, आता कुणाची भीड? लग्न होऊन चार पावसाळं गेलतं, पोटाला पोर न्हाय. मग काय, मी जीव लावून टेकवायचे. रुक्माबाई सोता देवघरात यायची ती गळ्यातली बोरमाळ कोनाड्यात काढून ठेवून. ‘का हो आत्याबाई?’ म्हणून मी इचारलं. ‘नवरा गेलेल्या बाईनं देवापुढं नटू ने गं,’ ती म्हणली. मला तिची दया आली. दया, बाई! जळ्ळं माझं मन.

वाट्यांचं सांगायला पायजे. मंगळसूत्रात एक वाटी माहेरची असती, एक सासरची. माझ्या बानं, बेळगावजवळच्या मच्छे गावच्या सिद्रामनं, दुभती म्हस इकून माझी वाटी घडवलती. जाडजूड, छातीवर तिचं वजन कळायचं. सासरची कागदागत पातळ. लग्नात बाया दोन्ही चिमटीत धरून बघत हुत्या आन् हसत हुत्या. ते रुक्माबाईनं बघितलतं.

महिना झाला नसंल. एक दिस आरशात बघते तर दोन्ही वाट्या पांढऱ्याफटक. चिंच लावली, राख लावली, रिठ्याच्या पाण्यात घासल्या, रंग काय परतंना. सोन्यानं रंग टाकला म्हंजे नवऱ्याचं काय वाईट हुतंय का काय, ह्या भ्यानं मी आणखी जोरात लिंगाला टेकवाय लागले. आन् गळ्याभवती पदर घट्ट गुंडाळून वावरायचे.

पण सासूची नजर ती. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया बसल्या हुत्या, तवा तिनं भर बायकांत माझा पदर वडला आन् वाट्या हातात धरल्या.

‘आगं बया! सोनं कुठं हाय गं? कुणाला नेऊन घातलंस?’

मी पायाला हात लावून सांगत हुते, आत्याबाई, आपोआप झालंय वो. तर एक बाई तोंडाला पदर लावून हसली. आपोआप, म्हणं!

माझ्या बाला बलावणं गेलं. त्यो भाकरी न खाताच बेळगावनं बस धरून आला. पंच बसले. मारुतीराव आपल्या गावचा सोनार संगट घेऊनच आलता. सोनारानं कसवटीच्या दगडावर वाटी घासली, रेघ पांढरी आली, आन् त्यानं मान हलवली.

‘पाव्हणं, लेकीला मुलाम्याचं सोनं घालून पाठवलासा व्हय?’ मारुतीराव बाला म्हणाला.

बाचं तोंड उतरलं. मला ऱ्हावलं न्हाय. ‘दोन्ही पांढऱ्या झाल्यात की! माझ्या बाची खोटी म्हणतासा, तर तुमचीबी खोटीच म्हणायची!’

पंच एकामेकाच्या तोंडाकडं बघाय लागले. मला वाटलं, जिंकले. पण रुक्माबाई हळूच म्हणली, ‘आमची खरीच हुती. म्हंजे हिनं दोन्ही इकल्या आन् कथलाच्या करून घातल्या. चोरटी!’

मष्णू पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत हुता. मी त्याला म्हणले, ‘अवो, तुमी तरी सांगा. रोज तुमच्या म्होरंच पूजा करते न्हवं मी?’ त्यो मान वर करंना.

‘सोनं खरं करून दाखीव,’ रुक्माबाई म्हणली, ‘मग ह्या घरात ये. तवर तुझं पाऊल नको.’

त्या लिंगाचा संशय एकालाबी आला न्हाय. मलाबी न्हाय. देवाचा संशय कोण घेतंय?

बा मला घेऊन बसनं मच्छ्याला परतला. आईनं ताट वाढलं तसं त्यानं ते बाजूला सारलं आन् माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘तानी, खरं सांग. अडचणीनं इकलीस का पोरी? मी रागवणार न्हाय.’

सासूनं चोरटी म्हटलेलं मी गिळलतं. पण माझ्या बानंबी इचारावं? माझं डोकंच फिरलं. गळ्यातलं वडून काढलं आन् धगधगत्या चुलीत फेकलं. आई ‘आगं आगं’ करत धावली तर तिला ढकलून दिली. ‘जळू दे! खोटंच हाय न्हवं? जळू दे!’ मी वरडत हुते. सवाशीण बाईनं मंगळसूत्र चुलीत घातलं, आन् सारी गल्ली दारात येऊन बघत हुती.

सकाळी आई राख काढाय बसली. दोरा जळलता, काळे मणी फुटलते. राखंत दोन वाट्या हुत्या. आईनं पदरानं पुसल्या आन् ती बसल्या जागी वरडलीच. पिवळ्या! जरा काळवंडलेल्या, पण पिवळ्या, लग्नातल्यागत. बानं त्या तळहातावर घेतल्या आन् ल्हान पोरागत हुंदके देऊन रडला. माझी माफी मागाय लागला. आमाला वाटलं, देवानंच आगीतनं माझी बाजू दाखवली. मी भिंतीकडं तोंड करून त्या पाऱ्याच्या लिंगाला हात जोडले, व्हय, त्यालाच!

आठ दिसांनी चांगला वार बघून निघाले. बा संगट येतो म्हणाला, मी नको म्हणले. माझं घर हाय, माझी मी जाते. वाट्या पदराच्या गाठीत बांधल्या. निपाणीपतोर सारखी गाठ चाचपत हुते. रुक्माबाई काय म्हणंल, मष्णू कसा खजील हुईल, मी लगीच माफ करायचं का जरा रुसायचं, सगळं मनात ठरवून झालतं.

दाराला हिरवं तोरण हुतं. जत्रा न्हाय, सण न्हाय. चपला काढून मी उंबऱ्याजवळ गेले. देवघराचं दार सताड उघडं. लिंगापुढं एक पोरगी बसलेली, कोपरापतोर हिरवा चुडा, गळ्यात नवं मंगळसूत्र. वळखली मी तिला. मारुतीरावाची लेक, अक्काताई. माझ्या लग्नात परकर नेसून नाचत हुती. आता वयात आलती.

रुक्माबाई तिच्या पाठीशी उभी हुती. मी आल्याचं तिला कळलं न्हवतं.

‘आगं, आगं, हात नको लावू! आधी गळ्यातलं काढून त्या कोनाड्यात ठीव. तुझ्या बानं कितींदा सांगितलंय, पाऱ्याला लागलं की सोनं पांढरं पडतंय म्हणून?’

माझ्या कानात सुंई झालं. चौकट धरून उभी ऱ्हायले. मग कुठनं आवाज आला कुणास ठावं. मी बोलले. लई बोलले. गाठ सोडून वाट्या तिच्या नाकाम्होरं धरल्या, ‘बघ, रांडं, बघ!’ म्हणले. शेजारीपाजारी गोळा झाले. अक्काताई खाली मान घालून गळ्यातलं मुठीत धरून बसली.

रुक्माबाईचा चेहरा जरासुदीक हलला न्हाय. वाट्या तिनं नीट बघितल्या.

‘खऱ्या हायत की,’ ती म्हणली. ‘बरं झालं आणल्यास. आमची वाटी तेवढी ठीव, आन् पाणी पिऊन जा. मष्णू, घे रं.’

मष्णू पुढं आला. ज्याच्या आयुष्यासाठी मी रोज त्या वाट्या टेकवल्या, त्यो. मला वाटलं, आता तरी आईला बोलंल. त्यानं माझी मूठ उघडली. आगीत दोन्ही सारख्याच काळवंडल्या हुत्या. मग त्यानं एक ह्या हातात, एक त्या हातात घेऊन तोलून बघितल्या, आन् जड हुती ती खिशात टाकली.