नानांच्या हातातली पट्टी

मी पेटीतून बोलतोय. पुण्याजवळच्या उरवडे गावातल्या एका घरात पितळी भांड्यांखाली मला कुलपात टाकलंय. मी काळा, चौकोनी बॉक्स कॅमेरा. गुन्हा दुसऱ्याचा, कोंडलंय मला.

माझे पहिले मालक पुण्याचे एक वकील. दर दिवाळीला ते घरच्यांना भिंतीला टेकवून रांगेत उभं करत आणि कुणी हसलं की ओरडत. चौदा वर्षं मी तीच भिंत पाहिली! त्यांची नजर अधू झाली तेव्हा मी जुन्या बाजारात आलो. तिथून तुळजानं मला उचललं.

तुळजा पुण्याला कॉलेजात शिकणारी. तिला इमारतींचे फोटो काढायचं वेड. १९६४ साली लोणावळ्याच्या वाटेवर एक नवं स्टेशन उभं राहिलं. कागदाला घड्या घालाव्यात तसं दुमडलेलं काँक्रीटचं छत, आणि खाली मधे एकही खांब नाही! स्टेशनमास्तरांची परवानगी काढून ती दिवसभर तिथं थांबली. सावली सरकायची वाट पाहायची, मला पोटाशी धरायची, श्वास रोखायची. एका रोलात आठच फोटो. मुंबईला वास्तुकला शिकण्यासाठी ती अर्ज करणार होती, त्याला हेच आठ जोडायचे होते. मुदत शनिवारची, आणि रोल अजून माझ्याच पोटात, न धुतलेला.

शुक्रवारी सकाळी नानांनी मला खुंटीवरून काढलं. नाना म्हणजे तिचे थोरले चुलते कोंडिबा. त्यांच्या शब्दापुढे घरात कुणी जात नाही.

"दिसभर निस्तं ठेसान? संगं कोन व्हतं, बघू दे की."

आणि भर उन्हात, अंगणात, त्यांनी माझी मागची झडप उघडली! गुंडाळी सरसर ओढली, वर धरली, उलटसुलट न्याहाळली.

"ह्यात काय बी न्हाई! कोरी पट्टी हाय. पोरगी ठेसनावर गेलीच न्हाई!"

तुळजा धावत आली. "नाना, ऊन लागलं की सगळं जातं! काय केलंत हे!"

"आगं, जे उनात दिसंना, ते अंधारात दिसतंय व्हय? कुनाला येडं बनवतीस?"

ऐकलंत? ज्यानं पुसलं, तोच कोरेपणाचा पुरावा दाखवतोय! आई रत्नाबाई दारात उभी होती, तोंडाला पदर लावून. कॉलेज बंद, हे तिथंच ठरलं.

तुळजा रडली नाही. ओसरीच्या सावलीत तिनं शिल्लक असलेला दुसरा रोल माझ्यात भरला आणि मला थेट नानांवर रोखलं. मला पाहताच नानांनी भांडण थांबवलं, पटका सारखा केला, छाती काढली. खट्!

तो रोल गावच्या शाळेतल्या मास्तरांबरोबर पुण्याला धुवायला गेला. फोटो आला तसा नाना खूश. "आसलं काढ की! त्या ठेसनात काय ठिवलंय?" फोटोला चौकट केली, येणाऱ्या पाहुण्यांना दिसेल असा भिंतीवर टांगला. आणि पोरीच्या डोक्यात मी खूळ भरतो म्हणून मला पेटीत टाकलं. तिचा न पाठवलेला अर्ज माझ्याच पिशवीत घडी करून पडलाय.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज निघतील. छत कुठं पळून जात नाही. फक्त पेटीची किल्ली हवी.

म्हणून पाहुण्यांनो, त्या फोटोतल्या पटक्याचं आणि मिशांचं कौतुक पुरे झालं. नानांच्या उजव्या हाताकडे बघा. गुडघ्यापर्यंत लोंबतेय ती पट्टी म्हणजे तुळजाचं स्टेशन आहे, आठच्या आठ फोटो. एकदा तरी विचारा, "नाना, हातात काय हाय वो?"

आणि उत्तर द्यायला तुळजाला बाहेर बोलवा.