तिसरा घाव

मी एक जुनी कुऱ्हाड आहे. मित्रांनो, नाव ऐकूनच दोन पावलं मागं सरकलात ना? सरका, पण पळू नका. मला आज थोडी बढाई मारायची आहे, आणि ऐकायला कुणी नसेल तर बढाईत मजा नाही.

खानापूरच्या एका लोहाराच्या भट्टीत माझं पातं घडलं. भरमू आप्पांनी मला आठवडी बाजारात घेतलं. त्यांचं शेत लहान. खाली भाताची खाचरं, वर मुरमाड माळ आणि बांधावर एक थोरलं जांभूळ. वाऱ्यानं मोडलेली त्याचीच फांदी तासून आप्पांनी मला दांडा बसवला. तेव्हापासून येणारा-जाणारा टोमणा मारायचा, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" मला फार राग यायचा. माझी ओळख करून घेण्याआधीच लोकांनी निकाल दिलेला होता.

आप्पांची थोरली बहीण मनुबाई आक्का त्याच घरात राहायची. तिनं त्या थोरल्या जांभळाच्या बिया रुजवून सात रोपं केली आणि पावसाळ्यात लावली. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून रोपांभोवती काटेरी कुंपण घातलं. त्या सगळ्या काट्या मी तोडल्या, हे विसरू नका. आक्कानं तीन उन्हाळे विहिरीतून घागरी वाहिल्या. एकही रोप मेलं नाही.

नऊ वर्षांनी सहा झाडं फळाला आली. सातवं मात्र नुसतं वाढत राहिलं. ते भाताच्या अगदी कडेला होतं. त्याची सावली खाचरावर पडायची आणि तेवढ्या जागेतलं भात पोचट राहायचं. बारा वर्षं झाली, तरी त्याला एक जांभूळ म्हणून आलं नाही.

"आक्का, औंदा ह्याला काढतो," आप्पा म्हणाले.

आक्का दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काढ. पर आधी भ्या घाल. रीत हाय आपली."

ती रीत अशी. न फळणाऱ्या झाडासमोर एकानं कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं, 'फळणार का तोडू?' असं विचारायचं आणि हलका घाव घालायचा. दुसऱ्यानं बुंध्याआड लपून झाडाच्या वतीनं गयावया करायची. तीनदा विचारूनही झाडाच्या बाजूनं कुणी बोललं नाही, तर मग ते खरंच तोडायचं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का बुंध्याआड गेली. आप्पांनी मला उचललं. "फळणार हाईस का न्हाईस? न्हाईतर तोडतो बघ!"

घाव हलका घालायचा होता, पण आप्पांच्या मनात बारा वर्षांचा राग होता. मी दोन बोटं आत गेले. खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं. धारेला दुसरं काय कळतं?

पलीकडून आवाज आला नाही. आप्पांनी पुन्हा विचारलं, दुसरा घाव घातला. तरी कुणी बोलेना. आप्पांनी वाकून पाहिलं. आक्का झाडाला मिठी मारून उभी होती, तोंडात पदराचा बोळा आणि डोळ्यांना धार. तिच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता.

आप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मला डोक्यावर उगारलं. मी वरच थांबले. मग आप्पा स्वतःच ओरडले, "तोडू नगंस रं! फळंल त्ये! मी सांगतो, फळंल!"

आणि त्यांनी मला हळूच खाली ठेवलं.

आक्का रडता रडता हसली. "खुळ्या, मारणारा बी तूच आनि आडिवणारा बी तूच व्हय?"

त्या फाल्गुनात सातव्या जांभळाला फुलोरा आला. गावकरी म्हणाले, झाड घाबरलं. आप्पांचा मुलगा स्वरूप बेळगावात नोकरी करतो. तो म्हणाला, "साल दुखावली की कधीकधी झाड फळतं." मला दोन्ही मतं मान्य आहेत, कारण दोन्हींत श्रेय माझंच आहे!

जूनमध्ये चौघांनी झाडाखाली जुनं लुगडं ताणून धरलं. आप्पांनी आकडीनं फांदी हलवली आणि टपटप टपोरी जांभळं पडली. बुट्टी भरली. आक्कानं पहिली ओंजळ माझ्यापुढं ठेवली. "पैली हिला. ही थांबली म्हणून मिळाली," म्हणाली. असा मान किती कुऱ्हाडींना मिळाला असेल, सांगा बरं!

आता स्वरूपनं यंत्राची करवत आणली आहे. मी गोठ्यात खिळ्याला टांगलेली असते. पातं गंजलं आहे, दांडा सैल झाला आहे. खंडेनवमीला तेवढं हळदकुंकू मिळतं. वर्षातून एकदा तेलाचं बोट लावलंत, तर मला आवडेल.

पण मला कुणी टोमणा मारला, तर मी त्याला सातव्या जांभळाकडे धाडते. बुंध्यावर माझे दोन घाव आहेत. असे घाव कुठलीही कुऱ्हाड दाखवील. मला अभिमान आहे तो त्यांच्या वरच्या जागेचा, जिथं तिसरा घाव बसलाच नाही. तिथं साल अजून गुळगुळीत आहे. आक्का तिथं हात ठेवूनच बुट्टी टेकवते.

मित्रांनो, तुमच्याही हातात कधीतरी कुऱ्हाड येईल. तेव्हा झाडाच्या बाजूनं कुणी बोलतं का, ते नीट ऐका. कुणीच बोललं नाही, तर तुम्ही बोला.