भेंडाचं बाळ

एस्तेरबाईंच्या डोक्यात भुंगा सोडला तो काशीनाथ गिरणीवाल्यानं. डिसेंबरातल्या एका सकाळी त्या दळण घेऊन गेल्या, तर ह्या गड्यानं डब्यात पीठ भरता भरता मध्येच विचारलं, "नर्सबाई, तुमच्या येशूबाळाच्या डोक्यावर मुकुट असतो का हो?"

"मुकुट? गोठ्यात जन्मलेल्या लेकराला कुठला आलाय मुकुट? का रे?"

"काय न्हाई. असंच इचारलं."

असंच म्हणे! नंबरावरून भांडण सोडवणं सोडलं तर ह्या माणसानं गिरणीत कधी देवाधर्माचा विषय काढलेला एस्तेरबाईंनी ऐकला नव्हता. त्या डबा काखोटीला मारून घरी आल्या, भाकरी थापल्या, जेवल्या, पण ते 'असंच' काही डोक्यातून जाईना.

जिंतूरच्या त्या गल्लीत ख्रिस्ती घर हे एकच. एस्तेरबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातांत पहिल्यांदा रडली, त्यामुळं त्यांना नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती. नवरा शांतवन, एसटी डेपोत मेकॅनिक. दिवसभर ग्रीसमध्ये हात घालणारा हा माणूस संध्याकाळी ओट्यावर बसून ज्वारीची धांडं सोलायचा. वाळलेलं धांडं सोललं की आत पांढरंशुभ्र, हलकं भेंड निघतं. त्याच्या बैलगाड्या आपण सगळ्यांनीच लहानपणी केल्यात, मग मोठे झालो आणि विसरून गेलो. शांतवन मोठा झाला, पण विसरला नाही.

दर नाताळाला तो शेजाऱ्यांसाठी काही ना काही घडवायचा. काशीनाथला बैलगाडी केली होती, दोन बैलांसकट. शेजारच्या विमलाला पाळणा. डिंक नाही, दोरा नाही. सगळे जोड बाभळीच्या काट्यांचे, आणि प्रत्येक काट्याचं टोक दिव्यावर धरून काळं केलेलं. त्यानं काटा सडत नाही, असं त्याचं म्हणणं. खरं-खोटं देव जाणे.

आपल्या घरासाठी त्यानं सबंध गव्हाणी केली होती, येशूच्या जन्माचा देखावा. गोठा, गाई, मेंढपाळ, योसेफ, मरिया. बाळ मात्र राहता राहता अगदी शेवटी केलं, त्याच्या शेवटच्या थंडीत. तेव्हा हाताला कंप सुटलेला. एक डोळा वर गेला, एक खाली.

"तिरळं झालं की गं," तो हिरमुसून म्हणाला.

"असू द्या. दोन्हीकडं लक्ष ठेवील," एस्तेरबाई म्हणाल्या.

तो गेला. मागच्या नाताळाला गव्हाणी मांडायला एस्तेरबाईंचा हात उठला नाही. यंदा मात्र मांडायचीच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ते तिरळं बाळ गवतात ठेवायचं आणि डोळे भरून बघायचं. दुसरं काही नको होतं त्यांना.

आणि ती गव्हाणीची पेटी होती विमलाकडं. पावसाळ्यात एस्तेरबाई लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेल्या, त्या दिवाळी उलटल्यावर परतल्या. घरावरचे पत्रे गळके, भेंडाला पाणी लागलं की संपलं. म्हणून जाताना पेटी शेजारी ठेवली. विमला झेडपीच्या शाळेत बाई, व्यवस्थित बाई. तिच्याकडं ठेवली म्हणजे आपल्याच घरात ठेवली.

पण आल्यापासून पेटी मागितली की विमला काढता पाय घ्यायची.

"माळ्यावर हाय मावशी. रविवारी काढते."

रविवारी विचारलं तर, "शिडी मोडलीय की हो."

"माझी नेतेस का?"

"नको नको, तुमी कशाला तरास घेता!" आणि दार बंद.

ह्या गल्लीत दिवसाढवळ्या दार लागलं, की घरात एकतर भांडण असतं नाहीतर पाहुण्यांना चुकवणं. विमलाच्या घरात भांडण ऐकू येत नव्हतं. म्हणजे चुकवायचे पाहुणे आपणच, हे एस्तेरबाईंना कळायला वेळ लागला नाही.

त्यात विमलाची सासू, नर्मदाबाई. दुपारचा चहा एस्तेरबाईंच्या ओट्यावर घेणं हा त्या म्हातारीचा इतक्या वर्षांचा नेम. आता ती ओट्याकडं फिरकेना. समोर दिसली की पदर तोंडावर ओढून आत. एस्तेरबाई रोज दोन कप चहा टाकायच्या आणि दोन्ही स्वतःच प्यायच्या. पित्त झालं त्यांना.

मग एक दिवस काशीनाथ मोटारसायकलीवर कडब्याची पेंडी घेऊन आला आणि थेट विमलाच्या दारात उतरवली.

"विमले, म्हैस घेतली का गं?" एस्तेरबाईंनी ओट्यावरूनच विचारलं.

"न्हाई हो मावशी. शाळेतल्या पोरायच्या प्रोजेक्टला."

शाळेचा प्रोजेक्ट घरी, दार लावून, गिरणीवाल्याला बरोबर घेऊन? नर्सबाईंनी उभा जन्म पेशंटांच्या थापा ऐकण्यात घालवला होता. 'दोनच घोट घेतली' म्हणणारे कितीतरी बघितले होते. ही थाप त्याहून कच्ची होती. शिवाय विमलाच्या केसांत भेंडाचा पांढरा चुरा दिसत होता.

एस्तेरबाई रात्रीच्या प्रार्थनेला बसल्या आणि सरळ विचारून टाकलं, "प्रभू, दुसऱ्याच्या घरात डोकावू नये हे मला कळतंय. पण तू तर सगळीकडं बघतोस. मला जरा सांगितलंस तर तुझं काय बिघडतंय?"

प्रभूनं काही सांगितलं नाही. मग दुसऱ्या दिवशी एस्तेरबाई कढीपत्ता तोडायच्या निमित्तानं विमलाच्या खिडकीखाली गेल्या. कढीपत्त्याचं झाड तिथून चार हात लांब होतं, हा भाग वेगळा.

आत वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर धांड्यांचा कचरा. विमला आणि काशीनाथ डोक्याला डोकं लावून बसलेले, आणि नर्मदाबाई हातात काटा धरून.

"पुन्हा चुरा झाला," काशीनाथ म्हणाला. "जुना कडबा हाय वहिनी, किडलेला. नवी जवारी तर आत्ता रानात हिरवी हाय. भेंड आणायचं कुठून?"

"आसं कसं म्हणता, भाऊजी! दिवस किती राहिले?" विमला रडकुंडीला आली होती.

नर्मदाबाई नुसती डोळे पुसत होती.

एस्तेरबाई कढीपत्ता न तोडताच घरी आल्या. उंदरांनी गव्हाणी खाल्ली असणार, त्यांनी ताडलं. मरिया गेली की योसेफ? गाई गेल्या असल्या तर चालतील. मेंढपाळ गेले तरी चालतील. ते एक तिरळं बाळ तेवढं राहू दे. दोन दिवस त्यांनी असाच जीव टांगणीला लावून काढला. विचारायची हिंमत होईना आणि न विचारता झोप लागेना.

चोवीस तारखेच्या दुपारी त्यांनी टेबल पुसलं, गवत पसरलं, आणि ताडताड विमलाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"विमले, पेटी दे. आहे तशी दे."

विमलानं सासूकडं बघितलं. शिडी न लावताच पेटी बाहेर आली, पलंगाखालून. एस्तेरबाईंनी तिथंच जमिनीवर बसून झाकण उघडलं. गाई होत्या. मेंढपाळ होते. योसेफ, मरिया, सगळे धडधाकट. मरियेच्या पुढ्यातली, कापूस घातलेली जागा रिकामी होती.

"बाळ कुठाय?"

मग नर्मदाबाई पुढं आली.

"नर्सबाई, सुनेला बोलू नका. त्येला मीच बोळवलं."

"बोळवलं म्हंजे?"

"महालक्ष्म्या बसवल्या तवा मी पेटी उघडली. बघते तर लेकरू अंधारात पडलेलं. सणासुदीचं लेकराला कोंडून ठेवावं का? काढलं भाईर. महालक्ष्म्यांपुढं त्यांची लेकरं बसवतोत न्हवं आमी, त्यांच्यातच ह्याला बसवलं. हळदीकुकू वाहिलं, पुरणाचा निवद दावला." म्हातारी पेटीतल्या रिकाम्या जागेकडं बघत म्हणाली, "आन ज्येला निवद दावला, त्येला परत डब्यात कसं कोंबू? देव हाय त्यो. मग गणपतीसंगं वाजतगाजत नेलं आन पूर्णेत सोडलं. विमला साळंतून आली तवर समदं झालं व्हतं. ती रडाया लागली तवा मला कळलं, तुमच्यात बोळवत न्हाईत म्हणून."

एस्तेरबाईंना राग आला, असा आला की कानशिलं तापली. शांतवनच्या हातचं शेवटचं काम. त्याच्या थरथरत्या बोटांनी कोरलेले ते दोन डोळे. परत कुठून आणायचे? म्हातारीला फाडफाड बोलावं असं त्यांच्या ओठावर आलं. पण बोलायचं तरी काय? लेकराला उपाशी ठेवलं म्हणायचं, तर तिनं पुरण भरवलं. टाकून दिलं म्हणायचं, तर तिनं वाजतगाजत नेलं. रागाला धरायला जागाच सापडेना, म्हणून तो जास्तच उसळला.

"मला एका शब्दानं सांगायचं तरी!" एवढंच त्या ओरडल्या. पेटी उचलली, घरी आल्या आणि दार लावून घेतलं.

मग मात्र त्या रडल्या, शांतवन गेला त्या दिवशीसारख्या. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि गव्हाणी मांडली, कारण नाताळ कुणासाठी थांबत नाही. मधली जागा रिकामी ठेवली. परभणीच्या चर्चला उद्या जायचंही त्यांच्या मनातून उतरलं.

दिवेलागणीला कडी वाजली. दारात विमला, काशीनाथ, आणि मागं, उंबऱ्याच्या बाहेरच, नर्मदाबाई. विमलाच्या हातात स्टीलचं ताट, वर रुमाल.

"मावशी, शिव्या द्या, पण आधी हे बघा," विमला म्हणाली. "आमाला येतं तसं केलंय."

एस्तेरबाईंनी रुमाल काढला. ताटात भेंडाचं बाळ होतं. पण ते उताणं निजलेलं नव्हतं. ते रांगत होतं. एक गुडघा पुढं, एक हात उचललेला, मान वर. थेट लोण्याच्या मडक्याकडं निघालेला बाळकृष्ण!

"ह्यांना निजलेलं जमंना," काशीनाथ घाईनं म्हणाला. "नर्मदाकाकूला रांगतंच येतं. जन्मभर तेच बघितलंय त्यांनी. मुकुट मातर मी घालू दिला न्हाई. तुमीच न्हाई म्हणल्या होत्या."

एस्तेरबाईंना हसू यावं की रडू, कळेना. त्यांनी बाळ हातात घेतलं. नाक डोळ्यांहून मोठं, कान एकच. आणि मग त्यांचा अंगठा मानेखाली थांबला. तिथं एक काटा होता. बाभळीचा. टोक काळं केलेलं.

त्यांनी बाळ उलटं केलं. गुडघ्यात काळ्या टोकाचा काटा. खांद्यात काळ्या टोकाचा काटा. भेंड जुनं, कडक, हस्तिदंती रंगावर गेलेलं. शांतवनच्या हातचं असलं भेंड त्यांनी हजारदा झाडलं, पुसलं होतं.

"हे कुठून आणलं?"

विमला खाली बघायला लागली. "नवं भेंड मिळंना मावशी. मग पाळणा सोडवला. काकांनी मला दिलेला. धड त्याचं हाय."

"आन हातपाय माझ्या बैलाचे," काशीनाथ म्हणाला. "एक बैल ठेवलाय. गाडी काय, एका बैलावर उभी ऱ्हाती."

ज्या वस्तू ह्या लोकांनी पोराबाळांना हात लावू दिल्या नव्हत्या, काचेच्या कपाटात कुलपात ठेवल्या होत्या, त्या त्यांनी स्वतःच्या हातांनी सोडवल्या होत्या. काटासुद्धा मोडू न देता. एस्तेरबाईंनी बाळ छातीशी धरलं आणि उंबऱ्याबाहेर बघितलं.

"नर्मदाबाई, आत या."

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"हाय त्याच तोंडानं या. एक सांगा मला. पूर्णेत सोडलं तेव्हा बुडालं का ते?"

"न्हाई हो!" म्हातारी चटकन आत आली. "गणपती बुडाला, पर ह्यो बुडंना. तरंगत तरंगत निघाला. मी दिसेनासा होईस्तोवर हात जोडून उभी व्हते. एक डोळा वर, एक खाली, माझ्याकडंच बघत व्हता बगा."

"दोन्हीकडं लक्ष ठेवणारा होता तो," एस्तेरबाई म्हणाल्या आणि हसता हसता पुन्हा रडल्या. नर्मदाबाईनं त्यांचे डोळे स्वतःच्या पदरानं पुसले.

बाळाला मधल्या रिकाम्या जागेत ठेवायला गेले, तर ते बसेना. गुडघे आडवे यायचे. शेवटी गवतावर, मरियेच्या पुढं ठेवलं. तोंड दाराकडं. एस्तेरबाईंनी मेणबत्ती लावली, प्रार्थना केली. सगळ्यांनी हात जोडले. मग चहा झाला, नर्मदाबाईचा कप तिच्या नेहमीच्या जागी.

निघताना एस्तेरबाई म्हणाल्या, "नाताळ झाला की ह्याला तुमच्याकडंच ठेवते. भादव्यात महालक्ष्म्यांपुढं बसवा. पुरण खाऊ द्या."

नर्मदाबाई दचकली. "आन पुन्हा माझ्याच्यानं बोळवणी झाली तर?"

"करायची न्हाई आता," एस्तेरबाई म्हणाल्या. "ह्यो राहायला आलाय."