हयवदनरावांचा बंद कान

बोलणं हे माझं काम नव्हे. दुसऱ्याचं बोलणं कानापर्यंत पोचवणारं मी श्रवणयंत्र. खिशात डबी, कानात गुंडी, मधे वायर. पण ज्यांच्यासाठी माझा जन्म, त्यांनीच ऐकलं नाही. तेव्हा आता तुम्ही ऐका.

१९९६ साली बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या हयवदनरावांना त्यांच्या लेकीनं, मनस्विनीनं, मला आणून दिलं. "अण्णा, आता आई काय म्हणते ते ऐकू येईल."

"सरी, सरी," असा कानडी होकार देत त्यांनी मला खिशात टाकलं.

या गृहस्थांची कीर्ती त्यांच्या पत्नीकडून, विमलाबाईंकडून कळली. लग्नाआधी म्हणे बाईंचा आवाज ऐकायला रोज बसवनगुडीपर्यंत सायकल हाणायचे. चाळिशीत फक्त साहेबाची घंटा ऐकू यायची. लेक तापानं फणफणली तरी ‘मीटिंग आहे’. निवृत्तीनंतर अगत्य कशाचं? स्वतःच्या ब्लडप्रेशरचं, आणि ओळखीतलं कोण गेलं त्याचं. क्रिकेट लागलं की माझा आवाज मोठा. विमलाबाई बोलू लागल्या की अंगठा हळूच खिशात, मी बंद, आणि वर यांचं मान डोलावणं. काय पण हुशारी!

दोन वर्षांनी विमलाबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. त्यांच्या हाका भिंतीपलीकडच्या कृष्णमूर्तींना ऐकू गेल्या. दहा हातांवर पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला नाही. कृष्णमूर्ती धावत आत आले. हयवदनरावांनी दचकून माझं बटण दाबलं, तेव्हा पहिलं वाक्य कानी पडलं ते हे: "सार, तुम्ही घरातच होता?"

मांडीचं हाड मोडलं होतं. तीन महिने खाट. तेव्हापासून मला क्षणाची उसंत नाही.

"काही म्हणालीस?"

"नाही."

"बोल ना गं काहीतरी. आता सगळं ऐकतो मी."

"चाळीस वर्षं बोलले. आता मला ऐकायचंय. स्वल्प गप्प बसा, गाणं लागलंय." आणि त्यांनी उशाचा रेडिओ मोठा केला.

आता हयवदनराव सेल उतरायच्या आधीच नवे घालतात आणि दिवसभर खाटेशी बसून राहतात. त्यांची कीव करायची तर तुम्ही करा. मला जमत नाही. तुमच्या घरात कुणी बोलत असेल, तर माझी गरज पडायच्या आत ऐकून घ्या.

काल अख्ख्या दुपारी विमलाबाई एकच वाक्य बोलल्या. "पाय काढा, खाट हलतेय."

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

बटण चालू होतं. त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं.