संहितेत नसलेलं उत्तर

यज्ञेश ठोंबरे आठवडाभर कोलशेतच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचा आणि शनिवार-रविवार नाटक. बावीस वर्षं हे असंच चाललेलं. सध्याच्या नाटकात तो मुलाचं काम करत होता. वडिलांना विसरण्याचा आजार आणि त्यात पिचून गेलेला मुलगा. वडील रंगमंचावर कधी येतच नाहीत. दुसऱ्या अंकात मुलगा पुढे येतो आणि प्रेक्षकांकडे बघत वडिलांवर ओरडतो. दिग्दर्शक ऋतुराजने ती जागा मुद्दाम तशी बसवली होती. समोरच्या प्रत्येकाला वाटलं पाहिजे, हा आपल्यालाच विचारतोय.

डोंबिवलीतला प्रयोग रविवारी दुपारी होता. यज्ञेश नेहमीसारखा पुढे आला आणि म्हणाला, "बाबा, चावी कुणाला दिलीत? किती वेळा विचारू?"

तिसऱ्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले.

"कुणाला नाही दिली रे," ते म्हणाले. "माझ्यापाशीच आहे."

शेजारची बाई त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवायला बघत होती. यज्ञेशचं पुढचं वाक्य होतं, 'तुम्हाला काहीच आठवत नाही, तुम्ही मेलात तर सुटू आम्ही.' ते तोंडापर्यंत आलेलं. पण म्हातारे घाबरून त्याच्याकडे बघत होते. त्याने ते वाक्य सोडलं आणि रंगमंचाच्या कडेला उकिडवा बसला.

"चिडलो मी. चुकलं माझं."

"चिडू नकोस. ही बघ," ते खिसा चाचपत म्हणाले. "घेतोस?"

"आता नको. तुमच्यापाशी ठेवा. मी घरी येऊन घेतो."

"नक्की?"

"नक्की येतो. बसा तुम्ही."

म्हातारे बसले. यज्ञेशने मधली दोन पानं गाळून पुढचा प्रवेश धरला. शेवटी सगळं प्रेक्षागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तो प्रसंग नाटकातलाच होता, असंच जवळजवळ सगळ्यांना वाटलं होतं.

ऋतुराजने विंगेत त्याला मिठी मारली. "काय घेतलंस रे ते!"

"तो माणूस खरंच आजारी होता."

"कळलं मला. पण प्रेक्षागृह बघितलंस?"

दोन दिवसांत लोकांनी फेसबुकवर त्या प्रसंगाबद्दल भरभरून लिहिलं. शनिवारचा ठाण्याचा प्रयोग फुल्ल झाला. ऋतुराजचा फोन आला. एखादा वयस्कर नट तिसऱ्या रांगेत बसवायचा आणि तोच प्रसंग दर प्रयोगात करायचा, असं त्याच्या डोक्यात होतं.

"मी नाही करणार," यज्ञेश म्हणाला.

"का? नाटकात सगळं खोटंच असतं ना?"

"ते खोटं आहे हे लोकांना माहीत असतं. म्हणून ते विश्वासाने बघतात. प्रेक्षकांतून उठणारा माणूस नट आहे, हे त्यांना माहीत नसेल."

"लोकांना आवडतंय, यज्ञेश. आपण लोकांसाठीच करतो."

यज्ञेशने फोन ठेवला.

बुधवारी त्याला एका बाईंचा फोन आला. त्यांनी नंबर नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडून मिळवला होता. "मी मृणाल साळवी. रविवारी उभे राहिले ते माझे वडील."

यज्ञेश माफी मागायला लागला. त्यांनी त्याला थांबवलं. "तक्रार नाहीये. पण बाबा दारात खुर्ची टाकून बसलेत. तुम्ही चावी न्यायला येणार म्हणून. जेवायलाही उठत नाहीत. बाकी सगळं विसरतात, हेच कसं लक्षात राहिलं कळत नाही."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो ठाकुर्लीला गेला. सीताराम साळवी, रेल्वेतले निवृत्त फिटर, खरंच दारात बसलेले होते.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"हो, कामात होतो."

त्यांनी खिशातून एक गंजलेली चावी काढून त्याच्या हातात ठेवली आणि त्याची मूठ मिटवली. मग उठून आत गेले. पाच मिनिटांनी भात कालवता कालवता त्यांनी लेकीला विचारलं, "हे कोण आलेत?"

"ओळखीचे आहेत, बाबा."

ती चावी भंगारात गेलेल्या एका कपाटाची होती. चहा देताना मृणालने तेवढं सांगितलं.

"त्यांना नाटकाचं फार वेड होतं," ती म्हणाली. "जाहिरातीत 'सहकुटुंब बघावं असं' लिहिलेलं. विषय कळला असता तर नसतं आणलं मी. तुम्ही त्यांना नीट उत्तर दिलंत. पण त्याआधी तुम्ही ओरडलात ना, तेव्हा ते थरथरत होते."

शनिवारी ठाण्यात यज्ञेश रंगपटात पोचला, तेव्हा एक पांढऱ्या केसांचे नट तिथे चहा पीत बसले होते. ऋतुराज म्हणाला, "फक्त एकदा करून बघ." यज्ञेश मेकअपला बसला. तिसऱ्या घंटेआधी तो मेकअपमध्येच पडद्याबाहेर गेला.

"हे नाटक विसरण्याच्या आजारावर आहे," तो म्हणाला. "घरात असं कुणी असेल तर आधी कळावं, म्हणून सांगतोय. आणि डोंबिवलीत घडलं ते नाटकात नव्हतं. ते गृहस्थ खरे होते. आज तसं काही होणार नाही."

थोडी कुजबुज झाली. मागच्या रांगेतून एक बाई सासूला आधार देत उठली आणि बाहेर गेली. मग प्रयोग झाला. टाळ्या पडल्या, नेहमीइतक्या.

नंतर एक गृहस्थ त्याला भेटायला आत आले. "तुम्ही बोलला नसतात तर मजा आली असती," ते म्हणाले. "आम्ही त्यासाठीच आलो होतो."

"असेल. पण नाटक कसं वाटलं?"

"पहिला अंक लांबलाय. पण तुम्ही ओरडता ना, तिथे मला माझीच लाज वाटली. आई होती माझी तशी."

यज्ञेशने त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बराच वेळ आईबद्दल सांगत राहिले.

पुढच्या महिन्यात ऋतुराजने त्याच्या जागी मुलाच्या कामासाठी दुसरा नट घेतला. तिसऱ्या रांगेतला नट बसवला की नाही, ते यज्ञेशने कुणाला विचारलं नाही.